विकणाऱ्या काकूंना माहीत नाही, मला माहीत आहे : नौपाड्यातला जुना फ्लॅट

खोपट_डेपो | सोमवार, रात्री १०.२५

मंडळी, नमस्कार. मी ठाण्याचा, नोकरदार. गेल्या आठ वर्षांत नोकरी सांभाळून तीन जुने वन बीएचके घेतले. एक दुरुस्त करून विकला, दोन भाड्याने आहेत. म्हणजे मोठी पार्टी वगैरे नाही, पण हे काम मला आवडतं आणि पुढेही करायचं आहे. चौथा फ्लॅट समोर आलाय आणि तिथे मी अडकलोय.

नौपाड्यात १९७९ ची इमारत. तळ अधिक तीन, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर ३८० चौरस फूट कार्पेट. मालकीणबाई ७४ वर्षांच्या, त्यांना काकू म्हणतो. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. एकच मुलगी, ती नाशिकला. काकूंचे गुडघे गेलेत, महिनामहिना खाली उतरत नाहीत. भाजी, औषधं सगळं दोरीला पिशवी बांधून वर. नाशिकला मुलीच्या जवळ तळमजल्यावर घर घ्यायचंय. म्हणाल्या, "६२ दे आणि मला मोकळी कर."

शेजारच्या इमारतीत तेवढाच फ्लॅट गेल्या वर्षी ७० लाखांना गेलाय, मी सूची २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) काढून पाहिली. पण मुख्य गोष्ट ती नाही. माझ्या ओळखीचा एक माणूस पुनर्विकासाच्या सल्लागाराकडे काम करतो. त्याच्याकडून कळलं की याच सोसायटीने सल्लागार नेमलाय, शक्याशक्यतेचा अहवाल हातात आलाय आणि पुढच्या महिन्यात बिल्डरांकडून निविदा मागवण्यासाठी विशेष सभा आहे.

परवा कागद बघायला गेलो होतो. काकूंनी कपाटातून साडीच्या दुकानाची पिशवी काढली. शेअर सर्टिफिकेट घडीवर फाटलेलं, मागून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून जोडलेलं. त्याखाली सोसायटीच्या पत्रांचा गठ्ठा, पिना न काढलेला. सगळ्यात वरच्या पत्रावर 'पुनर्विकास' हा शब्द मला स्पष्ट दिसला. काकू गठ्ठा बाजूला करत म्हणाल्या, "हे मेंटेनन्सचेच कागद ना रे? मला आता बारीक अक्षर दिसत नाही."

मी चहाचा कप तोंडाला लावला. काहीच बोललो नाही.

आज तिसरी रात्र. टोकन अजून दिलेलं नाही. सांगायचं का, किती सांगायचं, कसं सांगायचं? मोकळेपणाने लिहा.

घोडबंदर_१५ | सोमवार, रात्री ११.०२

मी वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका. भाव त्यांनी सांगितलाय, तुम्ही पाडलेला नाही. माहिती काढायला तुम्ही वेळ घातलात, सूची २ चाळली, माणसं जोडली. गुंतवणूकदाराची मेहनत ती हीच. उद्या सभेत बिल्डर मिळाला नाही, तर तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट तुमच्या गळ्यात. सात टक्के मुद्रांक, ३०,००० नोंदणी, वायरिंग, गळती, हे सगळं तुमच्या खिशातून. तेव्हा काकू काही परत द्यायला येणार नाहीत. धोका तुमचा असेल तर फायदाही तुमचाच असायला हवा. हे मी अगदी मनापासून लिहितोय.

तलावपाळी | सोमवार, रात्री ११.४०

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. कोपरीला तिचा फ्लॅट होता. नवरा गेल्यावर एकटीला झेपेना म्हणून विकला, घेणारा त्याच गल्लीतला, येताजाता "मावशी, काही हवंय का" विचारणारा. पाच महिन्यांत सोसायटीचा बिल्डरशी करार झाला. आकडा कळल्यावर मावशी पैशांबद्दल एकदाही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "त्याला ठाऊक होतं गं. माझ्या हातचे पोहे खाऊन गेला, तेव्हाही त्याला ठाऊक होतं." त्यानंतर ती त्या गल्लीतल्या देवळातही गेली नाही, आणि त्या देवळात ती तीस वर्षं दर सोमवारी जात होती.

खोपट, काकूंनी तुम्हाला विचारलं होतं हो. सरळ प्रश्न विचारला होता त्यांनी.

कोर्टनाका | मंगळवार, सकाळी ८.१५

वकील आहे, ठाण्यातच प्रॅक्टिस करतो. कायदा काय म्हणतो ते लिहितो, कारण इथे 'घेणाऱ्यावर काहीच बंधन नाही' असा समज दिसतोय.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. विकणाऱ्याने माहीत असलेले दोष सांगायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमात घेणाऱ्यावरही एक कर्तव्य टाकलंय, ते फार थोडे लोक वाचतात. विकणाऱ्याच्या हक्काचं स्वरूप किंवा व्याप्ती यांविषयी एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत आहे, विकणाऱ्याला ती माहीत नसावी असं मानायला जागा आहे, आणि त्या गोष्टीने हक्काची किंमत बरीच वाढते, तर ती घेणाऱ्याने सांगितली पाहिजे. न सांगणं हे कपट धरलं जातं. शब्द 'हक्क' असा आहे, बाजारभाव नव्हे. घोडबंदर रोडवर मेट्रो येतेय म्हणून भाव वाढणार, हे सांगायला कायदा तुम्हाला लावत नाही. सोसायटीत चाललेल्या पुनर्विकासामुळे सभासद म्हणून मिळणारं वाढीव क्षेत्र या कलमात बसतं का, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल.

दुसरा कायदा करार अधिनियम १८७२, कलम १७. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नाही, असा नियम. त्याखाली उदाहरणं दिलीत. चौथं उदाहरण घोडबंदर यांच्या बाजूचं आहे: दोघेही व्यापारी, एकाला भाव बदलल्याची आतली खबर आहे, तर त्याने दुसऱ्याला सांगितलंच पाहिजे असं नाही. पण तिसरं वाचा. घोडा विकायला आहे. घेणारा म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस, तर मी घोडा धडधाकट आहे असं धरीन." विकणारा गप्प राहतो. तिथे कायदा म्हणतो, हे गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

"हे मेंटेनन्सचेच कागद ना रे?" आणि तुम्ही चहा प्यायलात. आता तुम्हीच ठरवा तुमचं उदाहरण कितवं.

घोडबंदर_१५ | मंगळवार, सकाळी ९.३०

वकीलसाहेब, कलम ५५ मधलं घेणाऱ्याचं कर्तव्य मला खरंच माहीत नव्हतं. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण काकू व्यापारी नाहीत हे मान्य.

सीवूड्स_पश्चिम | मंगळवार, दुपारी १.१०

सांगा, जरूर सांगा. पण पुनर्विकास म्हणजे लॉटरी लागली असं सांगू नका, एवढी कळकळीची विनंती. माझ्या आईवडिलांची वाशीतली सोसायटी पुनर्विकासाला गेली. पहिलं दीड वर्ष भाडं वेळेवर आलं, मग दोन महिने उशिरा, मग बंद. सात वर्षं दोघं भाड्याच्या घरात, पाच घरं बदलली. बाबा नव्या घरात फक्त चौदा महिने राहिले.

आणि नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांत पहिला प्रश्न विचारायचा: कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का? जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाची (मालकाने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची) फेरी आधी. मग निविदा, मग ५१ टक्के सभासदांची संमती, मग सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर सभा आणि तिचं चित्रीकरण, मग करार, मग महापालिकेच्या परवानग्या. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सगळी पद्धत आहे, ती चांगलीही आहे, पण झटपट नाही. ७४ वर्षांच्या बाईला 'तीन वर्षांत नवं घर' असं सांगणं हीसुद्धा फसवणूकच. माहिती द्यायची तर अडथळ्यांसकट द्या.

घणसोली_एजंट | मंगळवार, सायंकाळी ७.५०

मी दहा वर्षं एजन्सी चालवतोय, महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची) नोंदणी आहे. इथे लोक फक्त भावाबद्दल बोलतायत, मला टोकनबद्दल लिहायचंय, कारण विकणारा सगळ्यात जास्त मार तिथे खातो.

प्रकार असा चालतो. घर बघायला माणूस येतो, आवडलं म्हणतो, लाखभर टोकन देतो आणि एका कागदावर सही घेतो. त्यात इंग्रजीत एक ओळ असते, तिचा अर्थ 'खरेदीदार किंवा त्याने सुचवलेली व्यक्ती'. मुदत ९० दिवस. दुसऱ्या दिवसापासून तोच माणूस तो फ्लॅट सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच-सहा लाख वर लावून फिरवायला लागतो. घर बघायला रोज नवी माणसं, मालकाला सांगायचं "बँकेची माणसं आहेत" किंवा "माझा मेहुणा आहे". गिऱ्हाईक सापडलं तर दस्त थेट मालक आणि तिसऱ्या माणसात, मधला फरक याच्या खिशात. नाही सापडलं तर नव्वदाव्या दिवशी "लोन झालं नाही, टोकन परत द्या". मालकाने दरम्यान दोन खरी गिऱ्हाइकं परत पाठवलेली असतात आणि नव्या घरासाठी दिलेला विसार बुडालेला असतो.

सुरुवातीला मी असे चार व्यवहार जुळवून दिलेत. घणसोलीतले एक गिरणी कामगार काका होते, त्यांच्या मुलीचं लग्न या पैशांवर ठरलेलं. ८८ व्या दिवशी त्यांना 'नाही' सांगायला मी गेलो होतो. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दारातच उभं राहून ऐकलं, टोकनचे पैसे नेऊन घरात मोजले, बाहेर येऊन दिले आणि दार लावलं. त्यानंतर मी हा प्रकार बंद केला.

फ्लॅट फिरवणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. उघड बोलून करा. "काका, मी स्वतः राहणार नाही. तीन महिन्यांत दुसरं गिऱ्हाईक आणीन. तुम्हाला इतके नक्की, वर मिळतील ते माझे. चालेल?" बरेच लोक हो म्हणतात, मी म्हणवून घेतलंय. पण ती ओळ मराठीत, त्यांच्या समोर, मोठ्याने वाचायची.

कोर्टनाका | मंगळवार, रात्री ९.०५

एजंटसाहेबांच्या पोस्टला एक जोड. टोकनबरोबर मालकाकडून कुलमुखत्यारपत्र करून घेणारेही आहेत. 'तुम्हाला सारखं यायला नको' असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय की असल्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. मग होतं काय, तर मालकाला वाटतं घर विकलं, आणि कर, मेंटेनन्स, कोर्टाच्या नोटिसा त्याच्याच नावाने येत राहतात. म्हाताऱ्या माणसाकडून असा कागद मागू नका.

साडेबारा_टक्के | बुधवार, सकाळी ७.२०

नवी मुंबईकरांसाठी थोडक्यात. आमच्याकडे जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची. हस्तांतरणाचं शुल्क, ना हरकत, सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (महापालिका हद्दीत कमाल २५,०००, त्यावर 'देणगी' मागता येत नाही), हे कोण भरणार ते टोकनच्या आधी बोला. "सगळा खर्च अर्धा अर्धा" असं मोघम म्हणायचं आणि साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) आदल्या रात्री यादी पाठवायची, हे मी पुष्कळ पाहिलंय. साडेबारा टक्क्यांच्या (संपादित जमिनीच्या बदल्यात भूमिपुत्रांना दिलेल्या) भूखंडावरची इमारत असेल तर मूळ भूमिपुत्र कुटुंबातल्या सगळ्या वारसांच्या सह्या सिडको, भूमिपुत्र आणि बिल्डर यांच्या त्रिपक्षीय करारावर आहेत का ते बघा. त्या कुटुंबातल्या बहिणींना कित्येकदा कुणी विचारलेलंच नसतं. मी स्वतः भूमिपुत्र आहे, म्हणून लिहितोय.

खोपट_डेपो | बुधवार, रात्री ११.१५

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. तलावपाळी ताई, तुमच्या मावशीचं वाक्य दिवसभर डोक्यात होतं.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही, ती आता लिहितो. २०१९ मध्ये मी पहिला फ्लॅट घेतला, कळव्यात. विकणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांना मी "रोखीची पार्टी आहे, लोन वगैरे नाही" असं सांगितलं, कारण मग भाव दोन लाखांनी खाली आला. खरं तर माझ्याकडे निम्मेच पैसे होते, बाकीचं कर्ज. बँकेने इमारतीच्या वयावरून शंका काढली, मग आधीच्या मालकांच्या साखळीतला एक जुना करार मागितला, मग वकिलाचा मालकीचा शोध अहवाल पुन्हा. तीन आठवड्यांचे साडेतीन महिने झाले. गुरुजींनी बदलापूरला बुक केलेलं घर गेलं, दिलेले दीड लाख परत मिळाले नाहीत. व्यवहार शेवटी झाला. दस्ताच्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "कर्ज काढणार हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी तिकडे मुदत मागून घेतली असती." ते दीड लाख मी देऊ केले नाहीत. देता आले असते.

म्हणून या वेळी गप्प राहून पुन्हा तसंच होणार, ही भीती आहे. सांगायचं हे ठरलं. आता कसं, ते सांगा.

तलावपाळी | बुधवार, रात्री ११.५०

मुलीला बरोबर घ्या. काकूंना एकटं गाठून सांगाल तर त्या गोंधळतील आणि तुमच्याच सल्ल्यावर विसंबतील. ते तर अजून वाईट. आणि गुरुजींचे दीड लाख आजही देता येतील.

कोर्टनाका | गुरुवार, सकाळी ८.००

मुलीचा विषय निघाला म्हणून विचारतो. शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचं?

खोपट_डेपो | गुरुवार, सकाळी ८.४०

पहिलं नाव यजमानांचं. नामनिर्देशन काकूंचं. सोसायटीने त्यावरून काकूंचं नाव लावलंय. मृत्युपत्र नाही म्हणाल्या.

कोर्टनाका | गुरुवार, सकाळी ९.१०

मग थांबा. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. सोसायटीने नाव लावलं तरी नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने विश्वस्त असते. मृत्युपत्र नाही, सासूबाई हयात नसतील, एकच मुलगी, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे यजमानांच्या फ्लॅटमध्ये काकू निम्म्या आणि मुलगी निम्मी. मुलगी एक तर विकणारी म्हणून सही करेल, नाहीतर आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून देईल. आणि ते तिने तिच्या मर्जीने करायचंय, तुमच्या घाईसाठी नाही.

हेही काकूंना ठाऊक नसणार. ही गोष्ट हक्काच्या व्याप्तीचीच आहे. तिने काकूंच्या हक्काची किंमत वाढत नाही, म्हणून कलम ५५ चं ते कर्तव्य इथे लागणार नाही, पण सांगायला हवीच.

घणसोली_एजंट | गुरुवार, दुपारी २.३०

पैशांचा हिशेबही त्याच बैठकीत सांगा. ५० लाख किंवा वर व्यवहार असेल तर घेणाऱ्याला एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशांतून आधीच कापायचा आयकर) कापून भरावा लागतो. हे आधी न सांगितल्यामुळे शेवटच्या दिवशी "माझे साठ हजार कुठे गेले" म्हणून रडलेल्या आजी मी पाहिल्यात. दोघी विकणाऱ्या असतील तर दोघींच्या पॅनवर वेगवेगळा भरायचा, व्यवहार मिळून ५० किंवा वर असला की लागतोच. आणि पॅन आधारला जोडलंय का ते आजच बघा. पॅन निष्क्रिय असेल तर एकाऐवजी वीस टक्के कापावे लागतात. ८० च्या वरच्यांना जोडणीतून सूट आहे, काकू ७४ च्या, त्यांना नाही.

कॅपिटल गेनसाठी (घर विकून झालेल्या नफ्यावरच्या करासाठी) त्यांना त्यांचा सीए गाठायला सांगा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के थेट किंवा महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, दोन्हीपैकी जे कमी पडेल ते घेता येतं. नाशिकचं घर घेणारच आहेत तर बहुतेक कर वाचेल, पण ते सीएने सांगू दे.

खोपट_डेपो | रविवार, रात्री ९.३०

आज जाऊन आलो. मुलगी, आमच्याच वयाची, नाशिकहून फोनवर होती, स्पीकर चालू.

मी काकूंना म्हटलं, तो गठ्ठा काढा. पिना काढल्या आणि एकेक पत्र मोठ्याने वाचलं. सल्लागार नेमल्याचा ठराव, अहवालाची सूचना, सभेची तारीख. मग माझ्याकडची माहिती कुठून आली ते सांगितलं. सीवूड्स यांनी लिहिलेले अडथळेही सांगितले, त्यांच्या आईवडिलांचं नाव न घेता. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, तेही. शेजारच्या ७० लाखांच्या दस्ताची सूची २ छापून नेली होती, ती टेबलावर ठेवली. शेवटी मुलीचा निम्मा हिस्सा.

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. सभेचं पत्र हातात धरून डोळ्यांजवळ नेत होत्या, लांब नेत होत्या. मग विचारलं, "त्या दिवशी मी तुला विचारलं होतं. तेव्हा का नाही बोललास?"

मी म्हटलं, "चुकलो, काकू. मला फ्लॅट हवा होता."

त्या उठून आत गेल्या. फोनवर मुलगी शांतच होती, मग म्हणाली, "दादा, आम्हाला पंधरा दिवस द्या. मध्ये फोन करू नका." मी हो म्हटलं. टोकन दिलेलं नाही, त्यांनी दुसऱ्या कोणालाही दाखवावा असं सांगून आलो. निघताना चहा झाला नाही.

तलावपाळी | रविवार, रात्री १०.०५

चहा झाला नाही हे बरोबरच झालं. पण तुम्ही गेलात.

घोडबंदर_१५ | रविवार, रात्री १०.४०

फ्लॅट हातचा गेला असं धरून चला. तरी एक कबूल करतो, सूची २ छापून नेणं माझ्याच्याने झालं नसतं.

खोपट_डेपो | तीन आठवड्यांनी, शनिवार, सायंकाळी ६.१५

उशिरा लिहितोय, पण सांगायला हवं.

मुलगी सुट्टी घेऊन आली, सोसायटीच्या ऑफिसात बसून अहवाल वाचला, सभेलाही थांबली. आणखी दोन माणसांनी फ्लॅट पाहिला. एकाने ७२ सांगितले, त्यातले १५ रोख. मुलगी बँकेत आहे, तिने तिथल्या तिथे नाही म्हटलं. मला तिच्याकडूनच नीट कळलं की घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड रोख घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्या काकूंवर बसतो. रोख देणारा या दंडातून मोकळा राहतो आणि म्हातारं माणूस अडकतं, हे किती जणांना ठाऊक असेल?

मग मला फोन आला. मी एक प्रस्ताव ठेवला होता: दोन वर्षांच्या आत बिल्डरशी करार नोंदला गेला तर वर पाच लाख देईन, तशी अट साठेखतात घालू. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्या कराराची वाट बघत नाशिकला बसू का? मला ते डोक्यात नको. आत्ता काय ते बोल." त्यांना पुनर्विकासासाठी थांबायचं नाही, हे त्यांनी मुलीसमोर तीनदा सांगितलं. त्यांना जिना उतरायचा नाही, एवढंच.

६८.५ ला ठरलं. सगळे बँकेतून. मी पहिल्या दिवशी सांगितलं की ४० माझ्याकडे आहेत, बाकीचं कर्ज, बँक ४५ दिवस धरून चला, उशीर झाला तर नाशिकच्या घराचा विसार बुडू नये म्हणून तेवढी रक्कम मी आधी देईन. ते साठेखतात लिहिलंय. दोघी विकणाऱ्या म्हणून सह्या करणार, हक्कसोड पत्र नको असं त्यांनीच ठरवलं.

घोडबंदर यांच्यासाठी हिशेब. फ्लॅट बायकोच्या नावावर, म्हणून मुद्रांक सहा टक्के, ४,११,०००. नोंदणी ३०,०००. सोसायटीचे २५,००० मी भरणार. दुरुस्ती साधारण तीन लाख. म्हणजे ७६ च्या पुढे जातं. भाडं १८-१९ हजार येईल. पुनर्विकास झाला तर चांगलं, नाही झाला तर बरीच वर्षं काही सुटणार नाही. ६२ ला घेतला असता तर मुद्रांकातला फरक धरून आज जवळजवळ सात लाख माझे होते. ठीक आहे.

घोडबंदर_१५ | शनिवार, सायंकाळी ७.००

टीडीएस ६८,५०० दोघींत अर्धा अर्धा, ३४,२५० प्रत्येकी. ज्या महिन्यात कापाल तो संपल्यापासून ३० दिवसांत भरा आणि प्रमाणपत्र दोघींना पोचवा. काकूंचं पॅन जोडलेलं होतं का?

खोपट_डेपो | शनिवार, सायंकाळी ७.२०

नव्हतं! एजंटसाहेबांमुळे वाचलो. १,००० रुपये भरून जोडून घेतलं, चार-पाच दिवस गेले.

सीवूड्स_पश्चिम | शनिवार, रात्री ८.४५

नोंदणीला काकूंना जिना कसा उतरवणार?

खोपट_डेपो | पुढच्या गुरुवारी, रात्री १०.१०

आज साठेखत नोंदलं. सोसायटीतली दोन मुलं आणि मी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिन्ही मजले खाली आणलं. दुय्यम निबंधक कार्यालयात काकूंचा अंगठा यंत्रावर उमटेना. बोटं घासून घासून रेषाच गेल्यात. तिथल्या कर्मचारी बाईंनी चार वेळा पुसून पाहिलं, मग तर्जनी घेतली, ती उमटली. त्याआधी मुलीने सगळं साठेखत मराठीत वाचून दाखवलं, बाकड्यावर बसून, पाऊण तास. काकूंनी दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. एक विसाराची अट, दुसरं ताब्याची तारीख.

गुरुजींचा पत्ता मिळाला आहे. ते आता अंबरनाथला असतात, रविवारी जातोय.

ताबा तीन महिन्यांनी. मिस्त्री मागे लागलाय की आत्ताच मापं घेऊ, खिडक्यांची ऑर्डर जाईल. त्याला थांबवलंय. काकू तिथे राहतायत तोवर टेप घेऊन कोणी आत जाणार नाही.